रबरातली तिसरी गाठ

"मावशी, मग लेक्चर तुम्हीच घ्या. आम्ही फरशी पुसतो."

मोठ्या डॉक्टर मॅडम असं म्हणाल्या आणि अख्खा हॉल हसला. सिस्टर, शिकाऊ डॉक्टरणी, सगळ्या. माझ्या हातात चहाचा ट्रे. कान असे तापले की बस.

काय गुन्हा केला होता मी? आमच्या दवाखान्यात बायकांच्या स्टाफसाठी स्तनाच्या कॅन्सरची माहिती द्यायचा कार्यक्रम होता. टेबलावर रबराची छाती, आत गाठी घातलेल्या. बोटांनी चाचपून शोधायच्या. मॅडमनी दोन दाखवल्या. मी जाता जाता बोलून गेले, की काखेकडं अजून एक आहे. होतीच. दर कार्यक्रमानंतर ती छाती धुऊन, पावडर लावून डब्यात ठेवायचं काम माझं. सात वर्षं. तिन्ही गाठी माझ्या बोटांना पाठ.

मॅडमनी चाचपूनसुद्धा पाहिलं नाही. मग स्टाफची तपासणी झाली. यादीत आम्हा चौदा आयांची नावं नव्हती. आम्ही पडदे धरले.

दोन महिन्यांनी विश्रांतवाडीच्या घरी अंघोळ करताना साबणाचा हात काखेकडं गेला आणि थांबला. तसलीच गाठ. दुखत नव्हती. पुन्हा चाचपून खात्री केली. तरी चार महिने गप्प बसले. कॅन्सरला नाही हो, त्या हसण्याला भ्याले. म्हणतील, आल्या बघा डॉक्टरीणबाई. तपासणीच्या मशीनची खोली रोज मीच पुसत होते, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. आजही त्यासाठी स्वतःचाच राग येतो.

सहा महिन्यांनी पुन्हा कार्यक्रम. ती छाती काढून पुसायला मलाच सांगितलं. बोट तिसऱ्या गाठीवर गेलं. रबरातली होती तेवढीच होती. माझी वाढली होती.

फडकं तिथंच टाकलं. सिस्टर लोकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

"मावशी, ही लाइन स्टाफची आहे. चहा राहिलाय अजून."

"मी पण स्टाफच आहे, मॅडम. चहा राहू द्या. आधी हात लावून बघा."

कुणी हसलं नाही. पडद्याआड मॅडमचा हात फिरला, काखेजवळ थांबला. चेहराच उतरला त्यांचा.

"आधी का नाही बोललात?"

"बोलले होते. मागच्या वेळी, रबरातल्या गाठीबद्दल. सगळ्या हसलात."

सुई घालून तुकडा काढलाय. रिपोर्ट गुरुवारी. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण रिपोर्ट काहीही येवो, एक ठरलंय. बाकीच्या तेरा जणींशी बोलून ठरलंय. आमची नावं यादीत येऊन प्रत्येकीची तपासणी होईपर्यंत ट्रे, पडदा, बादली, कशालाही आम्ही हात लावणार नाही.

फरशी पुसतो म्हणाला होतात ना मॅडम? पुसा.