अंदाजाने भरायचं नाही

दुपारी भिंतीपलीकडून टेपरेकॉर्डरची किंकाळी ऐकू आली की समजायचं, शरयूताई आकडे मांडायला बसल्या. मांजराची शेपटी दारात सापडावी तसा तो आवाज. गुजरातेतल्या वासण्याच्या आमच्या सोसायटीत नवीन आलेला माणूस हमखास दचकून बाहेर यायचा. आम्ही सांगायचो, काही नाही हो, शेजारच्या बाईंचा कॉम्प्युटर जागा होतोय.

कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड. भावाने कधीकाळी परदेशातून आणून दिलेला. रबरी बटणांवरची अक्षरंसुद्धा पुसून गेलेली. पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि प्रोग्राम चढवायचा तो कॅसेटवरून. वर्तमानपत्रात सुडोकू यायला लागलं तेव्हा ते पडद्यावर मांडायचा प्रोग्राम ताईंनी स्वतः लिहिला होता. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई, ती काय स्वस्थ बसणार! कोरी कॅसेट सापडेना, तर यजमानांच्या, म्हणजे हसमुखभाईंच्या, गरब्याच्या कॅसेटवर प्रोग्राम भरून मोकळ्या झाल्या. आधी किंकाळी, मग उरलेला गरबा. किंकाळी थांबली की ताई लगेच टेप बंद करत, त्यामुळे तो गरबा आम्ही कधी ऐकला नव्हता.

हसमुखभाई बिचारे. मॅच ऐन रंगात यायची आणि टीव्हीवर रिकाम्या घरांचा चौकोन उभा राहायचा. पेपरात छापलेलं आहे तर पेनाने भर ना, असं ते कुरकुरत. त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं, कागदावर खोडलं की डाग राहतो. मग हसमुखभाई माझ्याकडे वळून म्हणायचे, मंदाबेन, मराठी बायको केली, आता भोगतो. आणि चहा टाकायला स्वतःच उठायचे.

मलाही शिकवायचा त्यांनी घाट घातला होता. मी आपली उतावळी. दोन आकडे शक्य दिसले की एक ठोकून द्यायची. ताई माझा हात धरायच्या.

"अंदाजाने भरायचं नाही, मंदा. रिकामं राहिलं तरी चालेल. कोण बसतं ते विचारू नकोस, कोण बसत नाही ते बघ. सगळे गेले की उरतो तो खरा."

आकडा चुकला तर मशीनने आवाज का करू नये, असं मी एकदा विचारलं होतं. आपली चूक आपल्याला दिसली पाहिजे, म्हणाल्या. तेवढ्यासाठी त्यांनी ती सोय मुद्दाम ठेवलीच नव्हती.

आणि एका दुपारी भिंतीपलीकडून गरबा सुरू झाला. मला वाटलं, पाहुणे आले असतील. पण तो थांबेचना. जाऊन बघते तर ताई टेपसमोर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. "हे बंद कसं करतात गं?" असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. मी बटण दाबलं आणि घरी येऊन रडले.

पुढे एका ओळीत दोन सात पडले. मशीन गप्पच राहिलं. ताईंना ते दुसऱ्या दिवशी आपले आपल्याला दिसले, तेव्हा त्यांनी टीव्हीचं बटण बंद केलं आणि हसमुखभाईंना म्हणाल्या, आता तुम्ही मॅच बघत जा. त्यांनी ती काही लावली नाही.

विसरायला लागलेली माणसं झाकपाक करतात. या, बसा, किती दिवसांनी, असं मोघम बोलून वेळ मारून नेतात. शरयूताईंनी ते कधी केलं नाही. दारात आलेल्याला सरळ सांगायच्या, तुमचं नाव आठवत नाही, सांगा. लोकांना लागायचं. माझीही पाळी आली. मी म्हटलं, मंदा, बाजूवाली. त्यांनी मान डोलावली.

हसमुखभाईंना एकच धास्ती होती, आपली पाळी कधी येते याची. ते रोज त्याच खुर्चीत बसायचे, तोच निळा शर्ट धुऊन धुऊन घालायचे. काही बदललं नाही तर ती ओळखेल, एवढाच त्यांचा हिशोब.

डॉक्टरांकडे मला सोबत नेलं होतं. डॉक्टरांनी हसमुखभाईंकडे बोट करून विचारलं, हे कोण? ताई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आठवत नाही. हसमुखभाईंनी मान खाली घातली. डॉक्टर समजुतीने म्हणाले, अंदाजाने सांगा, चालेल.

"अंदाजाने नाही," ताई ताठ बसल्या. वर्गात बसायच्या तशा. "डॉक्टर तुम्ही आहात, म्हणजे हे डॉक्टर नव्हेत. माझा भाऊ उंच होता, हे नाहीत. शेजारी असते तर माझी पर्स मांडीवर घेऊन बसले नसते. आणि माझ्यापेक्षा हेच जास्त घाबरलेत." त्यांनी हसमुखभाईंकडे बोट केलं. "मग हे माझे यजमान. दुसरं कुणी बसत नाही."

हसमुखभाई रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. पर्स मात्र त्यांनी घट्ट धरली होती.

पुढे तेही गेलं. शेवटचे महिने ताई कुणालाच काही विचारत नव्हत्या, नुसत्या बघायच्या.

त्या गेल्यावर बेसण्याला, म्हणजे गुजराती पद्धतीच्या शोकसभेला, सगळी सोसायटी पांढऱ्या कपड्यांत जमली. हसमुखभाई मात्र निळ्या शर्टातच होते, आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही. एक वयस्कर नातेवाईक समजूत घालायला म्हणून बोलून गेले, सुटली बिचारी, अरे, तुलासुद्धा विसरली होती ती.

हसमुखभाईंनी वर पाहिलं.

"विसरली होती, हां," ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले. "पण मला शोधून काढला तिने."