सोनटक्के सरांचा आरसा

सोनटक्के सर कुणाला रागवत नसत. तालमीत कुणी चुकलं की ते चष्मा काढून जवळच्या मुलाच्या हातात देत आणि चुकणारा विद्यार्थी स्वतः होत. पडलेले खांदे, चोरटी मान, घामेजलेले तळवे पँटला पुसणं, सगळं हुबेहूब. हॉल हसून लोटपोट व्हायचा. मग चष्मा परत घेत ते म्हणायचे, "मी कुठं रागवून राहिलो? मी फक्त आरसा धरून राहिलो."

नांदेडच्या विद्यापीठात मी नाट्यशास्त्राला आले तेव्हा वडील माझ्याशी बोलत नव्हते. लातूरला आमच्या गल्लीतली मुलं डॉक्टर होतात, नाहीतर पुन्हा परीक्षेला बसतात. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझं मराठी इस्त्री केल्यासारखं होतं. पहिल्याच आठवड्यात सरांनी चष्मा काढला आणि ते 'मी' झाले. संहिता छातीशी धरून, प्रत्येक शब्दाआधी जणू परवानगी मागत त्यांनी माझा उतारा वाचला. सगळे हसले. मीही हसले. माझ्या त्या हसण्याबद्दल मी सरांना अजून माफ केलेलं नाही.

"बाई, तू लई शुद्ध बोलती," ते म्हणाले. "तू विंगेत बस. प्रॉम्प्टिंग कर."

मी बसले, ती शेवटच्या वर्षापर्यंत. तिथून इतरांचे संवाद पुरवता पुरवता मी सरांकडे बघत राहिले. माणूस विलक्षण होता, हे नाकारणार नाही. एकदा त्यांनी माहूरच्या पायऱ्या चढणारी म्हातारी दाखवली, तीही हॉलच्या सपाट फरशीवर. माझे गुडघे दुखायला लागले. इतकं येणाऱ्या माणसाने इतकं वाईट वागायला नको होतं.

आमच्या वर्गात चाकूरचा विष्णू होता. तो बोलताना अडखळायचा, पण पाठ केलेला संवाद मात्र सरळ यायचा. त्यासाठीच तो नाटकाकडे आला होता. एका तालमीत तो संवादातही अडकला आणि सरांनी चष्मा काढला. त्यांनी विष्णूचं अडखळणं इतकं अचूक उचललं की समोर उभ्या विष्णूचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. दुसऱ्या दिवशी विष्णू आला नाही. माझी रूममेट मिनाज उदगीरची, तोंडाची फटकळ. तिने त्याला फोन लावला. तो भावाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला होता. आता पाठ केलेलंसुद्धा अडकून राहिलंय, एवढंच त्याने तिला सांगितलं.

सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "गेला का? कच्चं होतं पोरगं." आणि तालीम पुढे सुरू केली.

त्या दिवशी मी ठरवलं.

आमच्या विभागात निरोप समारंभाला शेवटच्या वर्षाची मुलं शिक्षकांच्या नकला करत. शिक्षक पहिल्या रांगेत बसत. दरवर्षी कुणीतरी सरांची चाल करायचा, त्यांच्यासारखी सुपारी कातरायचा, आणि सर सगळ्यांत मोठ्याने हसायचे. मी नाव दिलं तेव्हा मिनाज म्हणाली, "तू? अगं, तुझा आवाज मला शेजारच्या कॉटवरून ऐकू येत न्हाई." मी म्हटलं, पहिल्या रांगेपर्यंत गेला तरी बास.

स्टेजवर आल्या आल्या मी मिनाजकडून मागून घातलेला चष्मा डोळ्यांवरून काढला, खाली उतरले आणि तो थेट सरांच्या हातात दिला. हॉल टाळ्यांनी दणाणला. सरही खूश. मग मी परत वर गेले आणि विष्णूचा तो संवाद सुरू केला, त्या दिवशी सरांनी केला होता तसा. पहिल्या वाक्याला हशा आला. दुसऱ्याला कमी. मी थांबले नाही. शेवटी कुणीच हसेना. माझं अडखळणं तेवढं हॉलभर ऐकू येत राहिलं.

संवाद संपवून मी विचारलं, "मी कुठं रागवून राहिले, सर?"

त्यांनी हातातल्या चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग म्हणाले, "बारीक चुकलं. अडकला की विष्णू डोळे मिटून घ्यायचा. तू उघडे ठेवलेस."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मी विष्णूला करत नव्हते. तुम्हाला करत होते. तुम्ही उघडे ठेवले होते."

आम्ही बाहेर पडल्यावर, पुढच्या वर्षी, खालच्या वर्गातली मुलं मिनाजकडे फोनवर तक्रार करायची की सर खुर्चीत बसून पुस्तकातलं वाचून दाखवतात, उठून काही करत नाहीत, तास कंटाळवाणा जातो. मला ऐकून बरं वाटलं. अजूनही वाटतं.

आता मी लातूरला एका शाळेत मुलांचं नाटक बसवते. गेल्या उन्हाळ्यात बसस्टँडवर सर भेटले, अहमदपूरच्या गाडीची वाट बघत. निवृत्त झालेत, वाळलेत. मला बघून उभे राहिले आणि अगदी छापील मराठीत म्हणाले, "आपण बऱ्या आहात ना?"

बरी आहे म्हटलं. त्यांनी विष्णूचं विचारलं. दुकानातच असतो, मी सांगितलं.

आमच्याकडे शिक्षक कुठेही भेटले तरी वाकून त्यांच्या पाया पडायची रीत आहे. सरांचा हात सवयीने आशीर्वादासाठी वर आला होता. मी वाकले नाही. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी त्याच हाताने पिशवी उचलली आणि गाडी अजून लागलेली नसताना फलाटाकडे चालू लागले.