जवळजवळ नाही

माणिकपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते. दर जूनला नव्याने मुलाखत, दर एप्रिलला घरी. एकदाची कायम जागा निघाली. ती मलाच मिळेल असं सगळे म्हणत. मीही मूर्खासारखी ते धरून बसले.

मुलाखतीत पाठ घेऊन दाखवायचा होता. मी विषय निवडला, प्रकाशाचे कण एकमेकांवर आपटतात का. तयारी नंदाखाल गावातल्या आमच्या नारळी-केळीच्या वाडीत केली. संध्याकाळी सासूबाई डासांसाठी नारळाची सोडणं जाळतात, त्या धुरात दोन टॉर्चचे झोत एकमेकांतून आरपार जाताना स्वच्छ दिसले. सासूबाई म्हणाल्या, "भांडत नाहीत गो. आपल्या घरापेक्षा बरे."

मुलाखतीला मी काचेची पेटी, उदबत्ती आणि दोन टॉर्च नेले. एक टॉर्च हाताने झाकला, दुसऱ्याच्या झोतात काही फरक पडला नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे टक्कर होत नाही?"

"जवळजवळ नाही," मी म्हणाले. प्रचंड ऊर्जेचे कण असले तर क्वचित एखादी जोडी एकमेकांना ढकलते, मोठ्या प्रयोगशाळांत ते दिसलंय, हेही सांगितलं. खरं तेच सांगितलं.

"परीक्षेत मुलांनी 'जवळजवळ' असं लिहायचं का? हो की नाही, तेवढं बोला."

मी पुन्हा समजवायला गेले. ज्यांच्या हाताखाली इतकी वर्षं राबले ते प्राचार्य पंख्याकडे बघत होते.

जागा बाहेरच्या एका सरांना मिळाली. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही काय, घरच्याच आहात." पिकतं तिथे विकत नाही, हे वाडीवाल्यांच्या सुनेला वेगळं सांगायला नको होतं. संताप आला, तरी जूनमध्ये पुन्हा तासिकेवर रुजू झाले. पगाराशिवाय घर चालत नाही.

जुलैत तोच पाठ मी वर्गात घेतला, मग नव्या सरांनी मुलांना दाखवायला माझी पेटी मागून नेली. पुढच्या तासाला माझ्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुम्ही 'जवळजवळ नाही' म्हणालात. सर म्हणतात 'अजिबात नाही'. पेपरात काय लिहू?"

ती माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि दाराबाहेरून प्राचार्य चालले होते.

"अजिबात नाही, असं लिही," मी म्हणाले.

तिने मान खाली घालून ते लिहून घेतलं. नंतर तिने मला कधी काही विचारलं नाही.