विंगेतल्या माणसाची हरकत

चित्रपटात आपल्याला वाईट दाखवलं म्हणून चिडणारी माणसं पुण्यात गल्लोगल्ली सापडतील. पण आपल्याला नको इतकं चांगलं दाखवलं म्हणून घुमसत बसलेला माणूस अख्ख्या जगात एकच झाला असेल, आणि तो म्हणजे माझे मामेसासरे. मामा कसबा पेठेत वाढले, दिवसा टेलिफोन खात्यात कारकुनी करत आणि संध्याकाळी एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर असत. नाटकाची वही घेऊन विंगेच्या आडोशाला उभं राहायचं आणि नटाचं वाक्य अडलं की पुढचा शब्द हळूच द्यायचा, हे त्यांचं काम. कंपनी बंद पडली, मामा निवृत्त होऊन कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. समोरचा माणूस बोलता बोलता क्षणभर थांबला, की मामा पुढचा शब्द देऊन मोकळे होत. माझ्याच लग्नात मी उखाणा घेताना अडखळलो, तर खांबाआडून माझ्या बायकोचं नाव आलं. डॉक्टर रिपोर्ट बघत, "हे बघा काका, तुम्हाला थोडासा..." असं म्हणून जरा मऊ शब्द शोधू लागले, तेव्हा मामांनीच "मधुमेह" असं सांगून त्यांची सुटका केली. त्या काळात घरोघरी क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलींचे फोन यायला लागले होते. एक मुलगी पाठ केलेलं बोलताना मधेच विसरली, तर मामा शांतपणे म्हणाले, "'पहिल्या वर्षी फी माफ', असं आहे पुढे. काल तुमच्या मैत्रिणीने म्हटलं होतं." ती "थँक्यू अंकल" म्हणाली आणि पुढचं घडाघडा बोलली. कार्ड अर्थातच मामांनी घेतलं नाही.

त्यांच्या कंपनीच्या मुख्य नटीला सगळे 'बाई' म्हणत. इतरांना मामा पानापानाला शब्द देत. बाईंना मात्र कधी द्यावा लागला नाही. हे सांगताना मामांचा चेहरा असा होई की पाठांतर त्यांनी स्वतःच केलं असावं. बाई गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्याआधी दिग्दर्शकाने माहितीसाठी पाठवलेला, लॅपटॉप घेतलेला एक तरुण मामांकडे येऊन चार तास बसून गेला होता. चित्रपट लागला आणि आम्ही सहकुटुंब पाहायला गेलो. त्यात एका गाजलेल्या प्रयोगात, भर तिसऱ्या अंकात, बाई एकदम गप्प होतात. प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू होते. घाबरलेल्या बाई विंगेकडे बघतात. विंगेत दाट केसांचा, देखणा तरुण म्हणजे आमचे मामा! ते शब्द देतात, बाई सावरतात, टाळ्यांचा कडकडाट होतो. आमच्या रांगेतही झाला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. सोसायटीने दुसऱ्या दिवशी फळ्यावर मामांचं अभिनंदन लिहिलं. मामांनी ते ओल्या फडक्याने स्वतः पुसलं आणि वर सेक्रेटरींना विचारलं, "पाणीकपातीची सूचना पुसून हे लिहिलंत? लोकांनी आंघोळी कधी करायच्या?"

"अहो मामा, पण झालं काय?" मी विचारलं.

"बदनामी झाली."

"तुमची तर वाहवाच केलीय!"

"बाईंची, जावईबापू. बाई विसरल्या नव्हत्या." मग डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "आणि मला इतके केस कधीच नव्हते. पण ते एक राहू दे."

त्यानंतर दोन महिने मामांनी दिग्दर्शकाला पोस्टकार्डं पाठवली. उत्तर आलं नाही. शेवटी फोन लागला. मी शेजारीच बसलो होतो. दिग्दर्शक बिचारा सभ्य होता. "सर, तुम्हीच आमच्या मुलाला सांगितलंत ना, की बाई गप्प झाल्या आणि तुम्ही शब्द दिलात म्हणून?"

"हो. त्याने विचारलं, दिलात का? दिला, म्हटलं. तेच काम होतं माझं."

"मग त्या विसरल्या नव्हत्या, तर गप्प का झाल्या?"

दुसऱ्याच्या प्रत्येक थांबण्यात शब्द घालणारा हा माणूस स्वतः मात्र अडला होता, आणि त्याला शब्द द्यायला कोणी नव्हतं. त्यांनी फोन ठेवून दिला.

चित्रपटाचा मुक्काम हलायच्या आदल्या दिवशी मामांनी मला पुन्हा नेलं. सकाळचा खेळ; मल्टिप्लेक्समध्ये जेमतेम पंधरा माणसं, त्यांत अर्धी हिंजवडीतून रात्रपाळी करून आलेली, पेंगत. तो प्रसंग आला. पडद्यावर बाई गप्प झाल्या. आणि मामा उठून उभे राहिले.

"त्या विसरल्या नव्हत्या," ते म्हणाले. आवाज मोठा काढायची सवय नसल्यामुळे तो फाटला. "त्या दिवशी सकाळी माझी आई गेली होती. स्मशानातून थेट प्रयोगाला आलो होतो, कारण वही दुसऱ्या कोणाला येत नव्हती. प्रवेश आईच्या मरणाचाच होता. मला अक्षरं दिसेनात. पुढचं वाक्य जिचं होतं, ती मुलगी माझ्या शब्दावाचून उभी राहू शकत नव्हती. बाईंनी पाहिलं. बोलता बोलता त्या थांबल्या आणि प्रेक्षकांकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या, मी डोळे पुसेपर्यंत. मग मी शब्द दिला. त्यांना तो नको होता. तरी घेतला."

"अंकल, बसा ना प्लीज," मागून कोणी म्हणालं. "ए, बोलू दे त्यांना," एक मुलगी म्हणाली. पण मामांचं सांगून झालं होतं. पडद्यावर टाळ्या चालू होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "मागच्या रांगेपर्यंत गेलं का हो?" आयुष्यभर आपला आवाज तिथे पोचू नये म्हणून धडपडलेला माणूस तो. मी म्हटलं, "स्पष्ट गेलं." मामा लहान मुलासारखे खूश झाले. पार्किंगमध्ये माझं वाक्य अडलं, तेव्हा त्यांनी लगेच पुढचा शब्दही दिला.

मामा या वर्षी गेले. शोकसभेला कर्वेनगरचा छोटा हॉल भरला होता. जुन्या नाटकवाल्यांपैकी कोणी उरलं नव्हतं, म्हणून सोसायटीचे अध्यक्ष बोलले, आणि चांगलं बोलले. त्यांनी तोच चित्रपटातला प्रसंग सांगितला: बाई विसरल्या आणि आपल्या मामांनी त्यांची लाज राखली. हॉलमध्ये सगळ्यांचे डोळे भरून आले. मी खुर्चीचे हात धरले. उठायला हवं होतं. मी चार माणसांत बोलणारा नाही, आणि तेवढ्यात दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं गेलं. सगळ्यांबरोबर मीही उभा राहिलो, गप्प.

म्हणून हे लिहितो आहे, उशिरा आणि हळू. बाई विसरल्या नव्हत्या. थांबल्या होत्या.