पिंजरेकाकूंची राखण

जायफळाच्या बागेची राखण करणाऱ्या काकूंना सगळे पिंजरेकाकू म्हणत. बागेत खारींनी नुसता उच्छाद मांडला होता. फळ भरलं रे भरलं की कुरतडलंच म्हणून समजा. मालक विष घालायला निघाले, तेव्हा काकूच आडव्या आल्या.

"मुक्या जिवांचा तळतळाट नको, मालक. मी पकडते आणि नदीपलीकडच्या रानात सोडते."

साप मरावा आणि काठीही मोडू नये म्हणतात; इथे तर सापही मरत नव्हता! दोन हंगाम काकू पिंजऱ्यावर गोणपाट टाकून खारी पलीकडे नेत होत्या. मग एका झाडाची वाळकी फांदी तोडताना ढोली उघडी पडली. आत काथ्याच्या मऊ घरट्यात पिल्लं होती, एकमेकांना बिलगून सुकलेली. यांची आई कुठे गेली, हे काकूंना कुणी सांगायला नको होतं. तिला सोडताना वर "जा बाई, सुखी राहा" असंही त्याच म्हणाल्या होत्या.

त्या दिवसापासून त्यांना चिरचिर ऐकू येऊ लागली. छपरात, डब्यांमागे, भर दुपारी जेवताना.

"अहो आई, उंदीर असेल," सून म्हणायची.

काकूंनी माळा रिकामा केला. उंदराची लेंडीसुद्धा सापडली नाही. त्यांनी पिंजरे लावणं बंद केलं, तसे मालक भडकले.

"एवढा हंगाम बघतो. पीक गेलं तर विषच. मग मध्ये पडायचं नाही!"

काकूंनी कंबर कसली. प्रत्येक ढोलीत आधी डोकावल्या. पिल्लं असलेली झाडं तशीच सोडली; बाकीच्यांच्या एकमेकांना टेकलेल्या फांद्या छाटल्या आणि खारींना चढता येऊ नये म्हणून खोडांना गुळगुळीत पत्रा गुंडाळला. फळ उकलताच उतरवायचं, जमिनीवर पडू द्यायचं नाही, असा नेम धरला. कुंपणाकडची रांग मालकांशी भांडून खारींना दिली. खारींनी आपला वाटा खाल्ला, पण पीक वाचलं. विषाची बाटली मालकांनी काकूंसमोर खोल पुरून टाकली.

"मानलं काकू तुम्हाला," ते म्हणाले. "इतकी वर्षं राखण केलीत, पण तुमच्या हातून एक खार मेली नाही."

"मेल्या, मालक," काकू म्हणाल्या. "किती, ते मला कधीच कळायचं नाही."

मालकांना ती थट्टा वाटली. ते मनापासून हसले.