खाजतं का जळतं?

पुष्पलतामावशी माहीमच्या कोळ्यांची लेक, आणि तिला कोलंबी चालत नाही. अशी थट्टा देवानंही करू नये! नुसती सोलली तरी हात खाजतात, कोपरापर्यंत गांधी उठतात. म्हणून मासळीची टोपली सोडून ती बोईसरला आमच्या कारखान्यात आली. बावीस वर्षं प्रथमोपचाराची खोली सांभाळते आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, एरवी मावशीच.

मी, सुजीत, तिथला सुपरवायझर. पुढचं सांगताना मलाच लाज वाटते, तरी सांगतो.

एप्रिलची गोष्ट. डोंगरातून कामाला येणारी बुधी रिकामी पिंपं धूत होती. जेवणाच्या सुट्टीत तिचा पाय चुरचुरू लागला. बूट काढला तर घोट्याभोवती लालभडक. तिच्या डब्यात सुकटीची चटणी होती. मी छातीठोकपणे सांगितलं, "पित्त उठलंय," आणि खिशातली ॲलर्जीची गोळी देऊन मोकळा झालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला! बायकांनी लगेच आमसुलं भिजत घातली. पित्तावर आपल्याकडे घरोघरी तेच चोळतात.

चोळणार तेवढ्यात मावशी आली.

"बाय, खाजतं का जळतं?"

"जळतं. पन आता कमी हाय," बुधी म्हणाली.

"दुसऱ्या पायावर? पोटावर, मानेवर?"

"नाय. इथंच."

मावशीनं हातमोजा घालून त्या जागेवर बोट फिरवलं आणि तिचा चेहराच बदलला.

"बोंबलासारखं बुळबुळतंय. सुजीत, पित्त काय बुटाचं माप बघून उठतं? हे कॉस्टिक हाय, पिंपातला जहाल सोडा. बुटात शिरलंय, कातडीचा साबण करतंय!"

तिनं बुधीला ओढतच नळाखाली बसवलं. मी तरीही शहाणपणा केलाच, "मग आमसूल चांगलंच की. आंबटानं कॉस्टिक मरतं."

"तुझं शास्तर बाटलीत ठेव. मानसाच्या पायावर निसतं पानी."

पाच मिनिटांनी बुधी पाय ओढून घेऊ लागली. जळणं कमी झालं म्हणजे बरं झालं, असं तिला वाटत होतं. मावशीनं घोटा सोडला नाही.

"कमी जळतं म्हनूनच मला भ्याव वाटतं. आत खात जातं ते. भातलावनीला उभं राहायचंय ना तुला?"

बुधीच्या घरी चिखलात उतरणारी ती एकटीच. तिनं पाय पुन्हा धारेखाली धरला. पाऊण तास पाणी वाहत होतं आणि मावशीचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. मग ती स्वतः बुधीबरोबर दवाखान्यात गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर पाय अधू झाला असता. मी ते ऐकलं आणि मान खाली घातली.

पाय भरायला दोन महिने लागले. ऑगस्टमध्ये बुधी आली ती चांगली तरातरा चालत. हातात सागाच्या पानांची पुडी. "लावनी झाली, मावशी. आमच्या खाचरातले झिंगे. सोताच्या पायानं उतरून धरले."

झिंगे म्हणजे कोलंबीच. मी सांगायला तोंड उघडलं तर मावशीनं डोळे वटारले. उघड्या हातांनी पुडी घेतली, सोडली, एकेक झिंगा उचलून पाहिला. डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी ती कोपरापर्यंत हात खाजवत बसली होती. नव्या कामगारांना हात पुढे करून दाखवत होती, "नीट बघून ठेवा. ही ॲलर्जी. खाजते, नि दोन दिसांत जाते."