कीर्तनात गाळलेलं वाक्य

आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची पद्धत आहे, त्यामुळे माझे मामाच माझे सासरे आहेत. त्यांना नाही म्हणायचं तर दोन नात्यांना एकदम म्हणावं लागतं. पन्नाशी उलटेपर्यंत मी एकालाही म्हटलं नव्हतं.

मामा आमच्या मठाचे प्रमुख. तंजावरातल्या मराठी घरांचा हा छोटा मठ. रामनवमीला कीर्तन, एरवी भजन, आणि अलीकडे मागच्या अंगाला लग्नाचा हॉल. हॉलच्या तीन बाजूंची जागा मठाचीच आहे. चौथ्या बाजूला दोन खोल्यांचं कौलारू घर, त्यात फुलं ओवून विकणारी एक विधवा बाई राहते. जुन्या लोकांनी तिच्या सासऱ्याला ते राहायला दिलं होतं, नुसत्या शब्दावर. लग्नाच्या गाड्या उभ्या करायला तीच जागा हवी, असं मामांनी ठरवलं.

मठात मतदान नसतं. मामा विषय सांगतात आणि बाकीचे विश्वस्त एकेक करून 'सरी' म्हणतात, म्हणजे तमिळमधलं 'बरं'. सगळ्यांचं 'सरी' झालं की कॉफी येते. घर पाडायच्या विषयालाही कॉफी आली. विश्वस्तांत मीही आहे, मीही 'सरी' म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई नेहमीप्रमाणे आमच्या दारात मोगऱ्याचा गजरा ठेवून गेली आणि माझ्या बायकोने तो माळला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका भाड्याने राहतात. अलिबागकडचे मराठी ज्यू. मुलगी इथल्या कॉलेजात शिकवते म्हणून इकडे आले. आमचं मराठी त्यांना जुन्या दस्तऐवजासारखं वाटतं, त्यांचं आम्हाला बातम्यांसारखं. आम्ही घरात मराठी बोलतो, पण लिहितो तमिळ. देवनागरी मला काकांनी शिकवली. शनिवारी ते कुठलंच काम करत नाहीत, म्हणून शिकवणी रविवारी. सरावासाठी त्यांच्याकडे मराठी पुस्तक एकच होतं, त्यांचा धर्मग्रंथ. अक्षर लावून लावून मी तोच वाचला.

त्यात मला एक गोष्ट विचित्र वाटली. राजे चुकतात आणि कोणीतरी जाऊन त्यांना तोंडावर सांगतं. दोन सुइणी राजाचा हुकूम मोडतात आणि त्याच्यासमोर उभ्या राहून थाप मारतात. एक म्हातारा तर देवाशीच घासाघीस करतो, की शहरात पन्नास चांगली माणसं निघाली तर सोडशील का, मग चाळीस, मग दहा. मी वीज खात्यात नोकरी केली आहे. वरिष्ठांशी असं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

बाईच्या घराचं मी काकांना सांगितलं. त्यांनी पुस्तक उघडून एक पान माझ्यापुढे सरकवलं. एका राजाने आपल्याच शिपायाची बायको घेतली आणि शिपायाला लढाईत पुढे धाडून मारवलं. मग एक संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप आणणारा, राजाकडे गेला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते. गरिबाकडे एकच कोकरू, त्याच्याच ताटातलं खाणारं, कुशीत झोपणारं. श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्याने गरिबाचं कोकरू ओढून नेलं आणि कापलं. राजा संतापला. म्हणाला, हा माणूस मेला पाहिजे. संदेष्टा म्हणाला, तो माणूस तूच.

"कोकणात आमचे लोक ह्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं करायचे," काका म्हणाले. "ह्या रामनवमीची पाळी कोणाची?"

पाळी आमच्या घराची होती. मला वाटलं, सुटलो. बैठकीत जे बोलवत नाही ते चिपळ्या हातात घेऊन बोलता येईल.

आख्यान चांगलं रंगलं. कोकराच्या वर्णनाला बायका डोळे पुसत होत्या. पहिल्या रांगेतून मामा मोठ्याने म्हणाले, "अशा माणसाला चपलेने मारायला पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. आता एकच वाक्य उरलं होतं. मी मामांकडे बघितलं, श्वास घेतला आणि रामनामाचा गजर सुरू केला.

कीर्तन संपलं की कीर्तनकाराच्या पाया पडायची रीत आहे. तो नारदाच्या गादीवर उभा असतो, त्यामुळे त्याचं वय कोणी बघत नाही. पहिले मामा आले आणि वाकले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. तेवढा वेळ त्यांचं टक्कल माझ्यासमोर होतं. तेव्हाही बोलता आलं असतं.

"कुठल्या पुराणातली रे ही?" उठताना त्यांनी विचारलं.

"लांबच्या."

"फार छान. कोकराने रडवलं. बरं, गवंडी गुरुवारी येतोय, जरा लक्ष ठेव."

काका मागच्या खांबाशी गुळाच्या पानकाचा पेला घेऊन बसले होते. "शेवट विसरलात," ते म्हणाले.

"विसरलो नाही."

"ते दिसलंच."

गुरुवारी गवंडी आला नाही, त्याच्या घरी लग्न होतं. त्या सवलतीचाही मी फायदा घेतला आणि पुढचे काही दिवस गप्प राहिलो. मग एका सकाळी दारात गजरा आला नाही. बायको म्हणाली, "ती सामान हलवतेय. बहिणीकडे, ओरत्तनाडूला."

मी तसाच मामांकडे गेलो. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मामी डोसे करत होत्या.

"मामा, त्या कीर्तनातला श्रीमंत माणूस तुम्ही," मी म्हणालो. "आणि कोकरू धरून ठेवायला मी होतो. माझं 'सरी' मी परत घेतो."

मामांनी झोपाळा थांबवला. "परत घेतो म्हणजे? 'सरी' परत घेता येतं?"

"माहीत नाही. घेतलं."

"मी मागे बोललो ते? चपलेचं?"

"हो."

"सगळ्यांसमोर बोललो मी ते."

"हो."

त्यांनी पेपराची घडी घातली. पुस्तकातला राजा लगेच म्हणतो, मी पाप केलं. मामा म्हणाले, "पुढच्या पाळीपासून तुमचं कीर्तन तुझ्या धाकट्या भावाच्या घराकडे. तुझी पाळी संपली."

"बरं."

"आणि आता जा. डोसा दुसरीकडे खा."

मामींनी तोवर एक ताटात वाढला होता. तो त्यांनी परत तव्यावर नेला.

पण एक 'सरी' कमी पडलं की मठात काम होत नाही, आणि कमी पडल्यावर काय करायचं हे कोणालाच माहीत नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि त्या बैठकीला मामा तो विसरले. पुढे त्यांनी कधी काढला नाही. बायको महिनाभर माहेरी एकटीच जात होती.

त्याच सकाळी मामांकडून निघालो तो मीच बाईला सांगायला गेलो, की घर आता पडत नाही. ती रिकाम्या खोलीत पालथ्या परडीवर बसून दोरा गुंडाळत होती. तिने ऐकून घेतलं.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" ती तमिळमध्ये म्हणाली. "भांडी सगळी गेली. गॅसही गेला. आता आणणार कोण?"

मी आणतो म्हणालो. ओरत्तनाडूच्या बसमध्ये आम्ही मागेपुढे बसलो. येताना शेगडी माझ्या मांडीवर होती, डेगचीत डबे भरून तिच्या. शेजारच्या म्हातारीने तिला माझ्याकडे बोट करून विचारलं, "हा कोण, भाऊ?"

"नाही," बाई म्हणाली. "मठातला." आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.